नर गातो तो कशाच्या जोरावर?

मार्च लागला की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत, मुलुंडच्या गच्च्यांवर, अंधेरीतल्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात उजाडायच्या आत दयाळ सुरू होतो. पाण्याच्या टाकीवर शेपटी उभारून तासभर शीळ घालणारा काळा-पांढरा पक्षी म्हणजे नर. मादी करडी, ती गाते, पण क्वचित आणि थोडकंच. असं का, याचं उत्तर शोधायला पक्ष्याच्या मेंदूत शिरावं लागतं.

दिवस मोठा झाला की

वाढत्या उजेडाची खबर मेंदूला लागते, तिथून निरोप पियुषिका ग्रंथीकडे जातो आणि हिवाळाभर आक्रसलेले वृषण शेकडो पटींनी फुगतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन चढतं. त्याचा पुरावा बघायला दुर्बीण नको. घाटकोपरच्या वाण्याच्या दुकानापुढे दाणे टिपणारा चिमणा पाहा: विणीच्या काळात त्याची चोच काळीभोर होते, हंगाम सरला की फिकट पडते. हा रंग टेस्टोस्टेरॉनचाच.

गाण्याची केंद्रं

1976 साली फर्नांडो नॉटेबोम आणि आर्थर अर्नोल्ड यांनी कॅनरी आणि झेब्रा फिंच यांचे मेंदू तपासले. झेब्रा फिंच म्हणजे आपल्याकडे गॅलरीतल्या पिंजऱ्यात दिसणारा, लालचुटूक चोचीचा छोटा ऑस्ट्रेलियन पक्षी. त्यात नरच गातो. ‘एचव्हीसी’ आणि ‘आरए’ ही गाण्याची केंद्रं नरांत मादीपेक्षा कितीतरी मोठी निघाली. पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत नर-मादीच्या मेंदूत एवढा ढळढळीत फरक तोवर कुणी दाखवला नव्हता. पुढे असंही दिसलं की कॅनरी नराची ही केंद्रं वसंतात वाढतात, शरदात आटतात. आणि प्रौढ मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं तर तिचीही केंद्रं वाढून ती गाऊ लागते.

कोकीळ या हिशेबात बसत नाही. ‘कुहू’ करणारा तोही नरच, पण तो गायक पक्ष्यांच्या कुळातला नव्हे. कावळ्याच्या घरट्यात वाढूनही तो ‘काव’ करत नाही, कारण त्याला साद शिकावी लागत नाही. दयाळाला गाणं ऐकून, घोटून शिकावं लागतं. ही केंद्रं त्यासाठीच.

पिल्लावस्थेतली पेरणी

झेब्रा फिंचची प्रौढ मादी मात्र टेस्टोस्टेरॉन देऊनही गात नाही. मार्क गर्नी आणि मसाकाझू कोनिशी यांनी 1980 साली नुकत्याच अंड्यातून निघालेल्या माद्यांना इस्ट्राडिओल दिलं. त्यांच्या मेंदूतली केंद्रं नरासारखी वाढली, आणि मोठेपणी नर-हार्मोन मिळाल्यावर त्या गायल्या. इस्ट्राडिओलला आपण बायकी हार्मोन म्हणतो, तेच इथे मेंदूला नराचं वळण लावतं! अरोमाटेज हे एन्झाइम मेंदूतच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्राडिओल करतं, हे लक्षात घेतलं की यातलं आश्चर्य थोडं कमी होतं.

इथवर गोष्ट सरळ आहे, आणि बरीच पुस्तकं इथेच थांबतात. मला ती अर्धीच वाटते. कारण 1990च्या दशकात अंड्यातच इस्ट्रोजेनची निर्मिती रोखून जनुकीय माद्यांमध्ये वृषणाची ऊती वाढवली गेली. वृषण आले, तरी मेंदू मादीचाच राहिला.

अर्धा नर, अर्धी मादी

2003 साली एका अजब झेब्रा फिंचचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याची उजवी बाजू नराची, डावी मादीची. पिसांत तसंच आणि पोटातही उजवीकडे वृषण, डावीकडे अंडाशय. पक्ष्यांत नराची गुणसूत्रं झेडझेड, मादीची झेडडब्ल्यू. इथे मेंदूच्या पेशीही तशाच दोन वाटण्यांत होत्या. दोन्ही अर्धांना रक्त एकच, हार्मोन एकच. तरी गाण्याची केंद्रं उजवीकडे अधिक नरासारखी होती. म्हणजे पेशींचं स्वतःचं लिंगही बोलतं. पण डावी बाजूदेखील नेहमीच्या मादीपेक्षा नराकडे झुकलेली होती, म्हणून हार्मोनला बाद करता येत नाही.

माद्यांचं गाणं

‘नर गातो, मादी ऐकते’ हा समज युरोप-अमेरिकेतल्या समशीतोष्ण प्रदेशातल्या पक्ष्यांवरून रुजला. 2014 साली जगभरातल्या 323 जातींची माहिती एकत्र केली, तेव्हा 71 टक्के जातींत माद्या गातात असं आढळलं. गायक पक्ष्यांच्या मूळ पूर्वजातही बहुधा दोघं गात असावेत. त्याआधीच पनामातल्या जुगलबंदी करणाऱ्या दोन रेन पक्ष्यांचे मेंदू तपासले गेले होते. ज्या जातीत मादी नराइतकी गाणी गाते, तिथे दोघांची केंद्रं जवळपास सारखी भरली. जिथे तिची गाणी कमी, तिथे तिची केंद्रं लहान.