विमान कोणाचे ऐकते?

रेडिओवर दोन केंद्रे एकाच जागी आली, की एकाचे भजन आणि दुसऱ्याच्या बातम्या एकमेकांत मिसळतात. आपण वैतागून काटा जरा पुढे सरकवतो आणि विसरून जातो. पण हीच सरमिसळ आकाशात उडणाऱ्या छोट्या विमानाच्या बाबतीत झाली तर? काटा सरकवायला वेळच मिळत नाही. किलोभर वजनाचे ते विमान खाली येते, आणि खाली मुले उभी असतात.

समजा, बोर्ली पंचतनच्या एखाद्या शाळेने असे विमान उडवायचे ठरवले. दिवेआगरचा किनारा जवळच आहे; ओहोटीला उघडी पडलेली घट्ट वाळू म्हणजे आयती धावपट्टीच! राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागातले छात्र अशी विमाने बांधायला शिकतात. मग आपल्या मुलांनी का शिकू नये? जरूर शिकावे. मात्र रेडिओ कोणता घ्यायचा, हे गुरुजींनी आधी समजून घ्यावे.

तुमच्या हातातले यंत्र म्हणजे एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र, आणि विमानात बसवलेला असतो त्याचा श्रोता. या श्रोत्याने फक्त तुमचेच ऐकले पाहिजे. सगळी निवड या एका गोष्टीवर ठरते.

जुनी पद्धत अशी होती: अमेरिकेत ७२, इंग्लंडात ३५, तर खेळण्यांसाठी २७ मेगाहर्ट्झ. मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपने. ३०० ला या आकड्याने भागले, की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. २७ ची लहर ११ मीटरांची, म्हणून विमानाच्या शेपटीमागे लांब तार लोंबत असे. प्रत्येकाच्या यंत्रात एक स्फटिक असे आणि त्यावर त्याचा मार्ग ठरे. मैदानावर एका फळीला क्रमांकाचे चिमटे लावलेले असत. ज्याच्या हाती चिमटा, त्यानेच यंत्र सुरू करायचे. कोणी हा नेम विसरला, की दुसऱ्याचे विमान गेलेच म्हणून समजा! विद्यार्थिदशेत मी असे एक विमान पडताना पाहिले आहे. पाडणाऱ्याने मुद्दाम काही केले नव्हते. त्याने नुसते बटण दाबले होते.

आताची पद्धत २.४ गिगाहर्ट्झची, म्हणजे २४०० मेगाहर्ट्झची. हिची लहर साडेबारा सेंटिमीटरची. आपल्या देशात २४०० ते २४८३.५ हा पट्टा २००५ साली ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना खुला झाला. येथे यंत्र आणि ग्राहक यांची आधी जोडी जुळवतात. मग ग्राहक दुसऱ्या कोणाचा हुकूम मानत नाही. चांगली यंत्रे तर सेकंदाला अनेक वेळा मार्ग बदलतात. एका मार्गावर गोंगाट असला, तर निरोप पुढच्या मार्गाने पोचतो. सगळीच स्वस्त यंत्रे असे करीत नाहीत, म्हणून घेताना दुकानदाराला हे नक्की विचारा. आखातातून किंवा अमेरिकेतून कोणी मामा-चाचांनी जुने यंत्र आणले, तर त्यावरचा आकडा पाहा. तिकडे चालते म्हणून ते इकडेही विनापरवाना चालेल, असे धरून चालू नका.

या लहरींचीही एक खोड आहे. त्या सरळ जातात आणि पाणी त्यांना शोषून घेते. ओली पाने, माणसांची गर्दी, सुरूचे बन मध्ये आले की आवाज क्षीण होतो. म्हणून पोफळीच्या वाडीमागे विमान नेऊ नका. ते सतत डोळ्यांसमोर ठेवा. अँटेनाचे टोक विमानाकडे रोखू नका, कारण टोकाच्या दिशेने लहर सर्वांत दुबळी असते.

उड्डाणापूर्वी दोन परीक्षा घ्या. पहिली, यंत्र कमी शक्तीवर ठेवून माहितीपत्रकात सांगितलेली पावले दूर जा आणि सुकाणू हलते का पाहा. दुसरी, पंखा काढून ठेवा, मोटार चालू करा आणि हातातले यंत्र बंद करा. मोटार थांबली पाहिजे. ती थांबत नसेल, तर त्या दिवशी विमान घरी न्या.

२०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे विभाग केले आहेत. आपली जागा कोणत्या विभागात येते, ते सरकारी नकाशावर आधी पाहा. आणि किनाऱ्यावर पाहुण्यांची गर्दी असेल, तर? विमान उद्याही उडेल. आज थांबावे, हेच बरे.