लिहिणारा, गाणारा आणि पास करणारा

बँकेतला एक जुना दंडक आहे. ज्याने व्हाउचर लिहिले त्यानेच ते पास करायचे नाही. दुसऱ्याची सही हवी. लबाडीची धास्ती हे त्याचे एक कारण. दुसरे अधिक खरे, की आपल्या हातची चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. घरातल्या खोलीत गाणे रचून, स्वतःच गाऊन, स्वतःच ध्वनिमुद्रित करणारी आजची तरुण मंडळी पाहिली की मला हा दंडक आठवतो. इथे दुसरी सही करणार कोण?

तशात आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून भरदार वाटतो. माइक तो फक्त हवेतून घेतो. पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. मग खटाटोप सुरू होतो. पंखा बंद, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत थांबा, भिंतीवरून आवाज परतू नये म्हणून गोधडी टांगा. माइकला फार बिलगले तर खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’चा फटका बसतो, दूर गेले तर खोलीच गाऊ लागते. हे सारे महिन्याभरात शिकता येते. अवघड आहे ते यातले कोणते गायन ठेवायचे, हे ठरवणे.

अमेरिकेतला गीतकार-गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात साध्या कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या यंत्रावर काही गाणी मुद्रित केली. माइक दोनच, मदतीला एक तंत्रज्ञ. हेतू एवढाच, की वादक साथीदारांना चाली ऐकवाव्यात. गिटार आणि गळा एकदमच चालत असल्याने नंतर डागडुजीला फारसा वावच नव्हता. ती कॅसेट तो डबीशिवाय खिशात घालून हिंडत असे! पुढे न्यूयॉर्कच्या मोठ्या स्टुडिओत पूर्ण वाद्यमेळासह तीच गाणी करून पाहिली. सफाई आली, पण त्या खोलीतला एकटेपणा गेला. अखेर खिशातली कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने सप्टेंबर १९८२ मध्ये बाजारात आली. कॅसेटवरून तबकडीवर उतरवताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले, ते वेगळेच. याच कॅसेटवरचे ‘बॉर्न इन द यूएसए’ मात्र वाद्यमेळाबरोबरच खुलले आणि १९८४ मध्ये गाजले. म्हणजे दोन्ही निकाल एकाच पेटीतून निघाले.

आज संगणकात चाळीस वेळा गाऊन ठेवता येते, शब्दाला शब्द जोडता येतो, घसरलेला सूर जागेवर बसवता येतो. या सोयींना नाके मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण चाळिसांतून निवडताना कान शिणतो आणि मग अर्थापेक्षा सफाईच निवडली जाते. ओळखीतल्या मुलांना मी सांगतो, रात्री गायलेले दोन दिवस ऐकू नका. मग घरातल्या आजीला ऐकवा, कागद हाती न देता. शब्द कळला नाही तर ती तोंडावर सांगते.