वर्गात शिवी आली, मग?

सातवीचा वर्ग. बाकावरची कंपासपेटी पायावर आपटते आणि पोराच्या तोंडून आईवरची शिवी निसटते. वर्ग खिदळतो, सगळ्या माना बाईंकडे वळतात.

गैरसमज: तिथल्या तिथे झापलं नाही तर पोरं शेफारतात.
वस्तुस्थिती: ज्याला भाव खायचा असतो त्याला हाच तमाशा हवा असतो. ‘हा शब्द इथे नको’ म्हणून फळ्याकडे वळावं. उरलेलं मधल्या सुट्टीत, एकट्याशी बोलावं.

गैरसमज: एक कानाखाली, नाहीतर दाखला हातात.
वस्तुस्थिती: शिक्षण हक्क कायदा, 2009. कलम 17 शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोन्हींना मनाई करतं. कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, त्यामुळे ती धमकी पोकळच.

गैरसमज: शिवराळ पोराकडे शब्दच कमी असतात.
वस्तुस्थिती: 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात उलटं दिसलं. ज्यांना एका मिनिटात जास्त शिव्या आठवल्या, त्यांना इतर शब्दही जास्त आठवले. अर्थात ती मोठी माणसं होती.

गैरसमज: जितका शब्द अश्लील, तितका गुन्हा मोठा.
वस्तुस्थिती: इथेच शाळा सर्रास चुकतात. कंपासपेटीवरची शिवी कुणालाच लागत नाही. पण ‘ए काळे’, ‘ए ढब्बू’, किंवा हजेरीच्या वेळी मागून हळूच घेतलेलं जातीचं नाव? त्यात अश्लील काही नाही, म्हणून ‘चेष्टा चाललीय’ म्हणत ते सोडून दिलं जातं. माझ्या मते धडा थांबवायचा तो इथे. ‘गंमत केली’ हे उत्तर चालवून घेऊ नये. आधी ज्याला बोल लागला त्याची विचारपूस करावी, बोलणाऱ्याकडे नंतर वळावं. मोठ्या माणसाने अनुसूचित जाती-जमातीच्या कुणाला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ केली, तर तो अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. कायद्याचं नाव घेऊन हे वर्गात सांगायला हरकत नाही.

गैरसमज: हे सगळं मोबाईलनं शिकवलं.
वस्तुस्थिती: काही अंशी खरं. पण पालकांना बोलावलं की कधीकधी वडील मुख्याध्यापकांसमोरच पोराला तीच शिवी हासडतात! म्हणजे प्रश्न मोठ्यांचाही आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर 2024 मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंडाचा ठराव केला, तो शाळेपुरता नव्हता. अख्ख्या गावाला होता.