मित्राच्या डोंगरातल्या घरी मुक्काम

गेल्या काही वर्षांत ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडील बऱ्याच मंडळींनी मुरबाड, शहापूर, कर्जत भागात जुनी कौलारू घरे घेऊन ती नव्याने सजवली आहेत. लाद्या बसतात, गिझर लागतो. भोवतालचे रान मात्र तेच राहते. दुरुस्तीत उरलेल्या विटा, कौले, जुने वासे परसात रचून ठेवलेले असतात. तेथे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

पाहुणे वाढले की ओटीवर गाद्या पडतात. अशा वेळी खरी भीती मण्याराची. काळ्या अंगावर बारीक पांढरे पट्टे असलेला हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही, त्यामुळे पुष्कळदा झोपेत कळतच नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. घरचे म्हणतात, रात्रीचे मटण बाधले! पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि रोगी दगावतो.

म्हणून अशी लक्षणे दिसताच दंशाची खूण शोधत बसू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा, रोग्याला चालवू नये आणि जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. ते तेथे मोफत मिळते. दोरी आवळणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे यांत फक्त वेळ जातो.

झोपताना खाट घ्यावी. ती नसेल तर मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली नीट खोचावी.