शेजारच्या घरातले जास्तीचे ताट



31 ऑक्टोबरच्या रात्री तुम्ही काय करता, हे विचारायलाच नको. भुताचे कपडे, भोपळ्याचा दिवा आणि पिशवीभर चॉकलेटे! पण त्याच रात्री इथे इंग्लंडमध्ये काही घरांत मेणबत्त्या लावून अगदी शांतपणे एक जेवण होते. आमच्या शेजारच्या बाईंकडे ते दरवर्षी असते. गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला सहकुटुंब बोलावले. त्या जेवणाविषयी आज थोडे लिहितो.

या बाई स्वतःला 'पेगन' म्हणवतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेड्यातला माणूस. पुढे ख्रिस्ती लोक इतर देवदेवता मानणाऱ्यांना हिणवण्यासाठी तो वापरू लागले. आज मात्र निसर्गाला आणि युरोपातल्या जुन्या देवदेवतांना मानणारे लोक तो अभिमानाने लावतात. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे 74 हजार लोकांनी आपला धर्म 'पेगन' असा लिहिला.

त्या रात्रीच्या सणाचे स्पेलिंग वाचले तर 'सॅमहेन' होईल, पण उच्चार आहे 'साऊइन'. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधला हा जुना सण. सुगी संपली, गुरे कुरणातून घरी आली, आता हिवाळा सुरू, असा त्याचा अर्थ. या रात्री आपल्यातला आणि गेलेल्या माणसांमधला पडदा अगदी पातळ होतो, असे पेगन लोक मानतात. ऑस्ट्रेलियातले बरेच पेगन हा सण एप्रिलअखेर करतात, कारण तिथे हिवाळा तेव्हा जवळ येतो. तारखेपेक्षा ऋतू महत्त्वाचा, बरं का!

बाईंनी एका छोट्या टेबलावर काळे कापड अंथरले होते. त्यावर आईवडिलांचे आणि आजीचे फोटो, आजीचा चष्मा, सफरचंदे, पाव आणि पाण्याचा पेला. जिवंत माणसाचा फोटो तिथे ठेवायचा नाही, असा त्यांचा नियम. पूर्वज तीन प्रकारचे, असे त्यांनी समजावून सांगितले. एक रक्ताचे, दुसरे ज्यांच्याकडून आपण काही शिकलो ते आणि तिसरे आपण राहतो त्या जागेवर आधी राहून गेलेले. हे ऐकून आम्हाला आपला महालय आठवला. त्यातही आईवडिलांच्या जोडीने गुरू आणि मित्र यांचे स्मरण असतेच.

मग 'मुके जेवण' सुरू झाले. टेबलावर एक ताट जास्तीचे होते, त्या खुर्चीवर कोणी बसायचे नाही. जेवण संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. शिवाय सगळे उलट्या क्रमाने, म्हणजे गोड आधी! आमच्या धाकट्याला गप्प बसणे जमेल का, अशी आम्हाला धास्ती होती. पण गोड आधी मिळाल्यामुळे तोही गप्प राहिला. शेवटी ते भरलेले ताट बाईंनी बागेत झाडाखाली ठेवले, पाखरांसाठी आणि प्राण्यांसाठी.

आम्ही विचारले, "ही पद्धत किती हजार वर्षांची?" बाई हसल्या. पूर्वी मुके जेवण म्हणजे आपला होणारा नवरा कोण हे पाहण्यासाठी मुलींनी करायचा तोडगा होता. पूर्वजांसाठी ते अलीकडे होऊ लागले. इथला चेटूकविरोधी कायदा 1951 साली रद्द झाला आणि 1954 साली जेराल्ड गार्डनर या निवृत्त कस्टम अधिकाऱ्याने 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक काढले. तेव्हापासून 'विका' नावाचा पेगन पंथ उघडपणे वाढला. तो प्राचीन काळापासून अखंड चालत आलेला नाही, विसाव्या शतकात घडला आहे, हे ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी 1999 सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. बाईंना हे सारे ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "पद्धत नवी असेल, पण माझी आजी तर खरी होती ना?"

आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. मूळ प्रोग्राम हरवला, तर तो काय काम करत होता हे आठवून नवा लिहावा लागतो. या लोकांनी तेच केले आहे. त्यांच्यापाशी ना पोथी, ना गुरुजी. मिळेल त्या तुकड्यांतून त्यांनी घरच्या घरी पुन्हा सुरुवात केली.

घरी येताना धाकट्याने विचारले, "बाबा, आपण आजोबांचं ताट का नाही ठेवत?"

आमची उत्तरे तयार होती. गावी मोठे काका सगळे यथासांग करतात. इथे गुरुजी मिळत नाहीत. रजा नसते. कावळा कुठून आणायचा? पण तेवढ्यात कुंपणावर रोज येऊन बसणारा कावळा आठवला आणि आम्ही गप्प बसलो. बाईंची परंपरा तुटली होती, ती त्यांनी जोडली. आमची तुटलेली नव्हती, ती आम्ही सोडून दिली होती.

म्हणून यंदा पितृपक्षात आजोबांच्या तिथीला, ऑफिसला जायच्या आधी, आम्ही पान वाढले. वरणभात, खीर, वडे आणि आमसुलाची चटणी. श्राद्धात तीन पिढ्यांची नावे घेतात. मुलांना म्हटले, चला, नावे घेऊ. वडील, आजोबा, पणजोबा झाले. आई, आजी झाल्या आणि पणजीपाशी गाडी अडली. आम्हालाच नाव येईना!

भारतात आपल्यापेक्षा साडेचार तास पुढची वेळ. आत्याला फोन लावला. तिने पणजीची दोन नावे सांगितली, सासरचे आणि माहेरचे. पणजी जात्यावर दळताना ओव्या म्हणायची, हेही सांगितले. त्यातली एक ओवी आत्याने फोनवर म्हणूनही दाखवली. आत्या आता 81 वर्षांची आहे. आणखी काही वर्षांनी हा प्रश्न आम्ही कोणाला विचारला असता?

पान बागेत ठेवले. आधी खार आली, मग कावळा आला. धाकट्याच्या मते दोघेही चालतात.

तर बालमित्रांनो, पुढच्या शनिवारचा गृहपाठ असा: तुमच्या आईच्या आजीचे आणि बाबांच्या आजीचे नाव, गाव आणि तिची एक आठवण घरी विचारून वहीत लिहून आणा. आईबाबांना येत नसेल, तर त्यांना भारतात फोन करायला लावा. आजच करा.