घरांतील कॉफी-यंत्र : नवें घेण्यापूर्वीं

घरांतलें एखादें यंत्र बंद पडलें म्हणजे त्याची खरी किंमत घरच्या माणसांस कळते. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरच्या एस्प्रेसो-यंत्रानें सात वर्षांची चाकरी करून एके सकाळीं मौन धारण केलें. पंपाचा आवाज येई, परंतु गाळणींतून थेंब पडेना. घरीं लहानमोठीं नऊ माणसें. दुपारपर्यंत मतेंही जवळजवळ तितकींच झालीं. धाकट्या पुतण्यास दोन बॉयलरांचें चकचकीत पोलादी यंत्र हवें होतें. वहिनींचें म्हणणें, ओट्यावर आधींच जागा नाहीं. अमेरिकेंतील भाच्यानें तेथून एक यंत्र धाडण्याची तयारी दाखविली. आणि आमचे वडील बंधू अण्णा, जे पहांटे पांच वाजतां उठून आपली कॉफी आपल्या हातांनीं करून घेतात, ते एवढेंच म्हणाले, "मला जमेल असें घ्या, म्हणजे झालें." या मतांतून वाट काढतांना आम्हांस जें कळलें, तें वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

दुकानांत जाण्यापूर्वीं आम्हीं जुनें यंत्र उघडून घेतलें. कारागिरानें मागचा पत्रा काढला तेव्हां बॉयलरच्या आंत व नळ्यांत पांढरट, कठीण थर जमलेला दिसला. ज्यांनीं न्हाणीघरांतला तांब्याचा बंब पाहिला आहे, त्यांस हा थर परका नाहीं. जड पाण्यांत चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलें म्हणजे ते कॅल्शियम कार्बोनेट होऊन भांड्याच्या अंगास चिकटतात. बंबाचें पोट मोठें, त्याला तें कांहीं काळ चालतें; या यंत्रांतील वाटा काडीएवढ्या, त्यांना चालत नाहीं. उन्हाळ्यांत नळाचें पाणी अपुरें पडलें कीं आमच्या इमारतींत विंधणविहिरीचें पाणी मिसळतात, आणि आम्हीं सात वर्षें तेंच यंत्रांत ओतलें. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. कितीही भारी यंत्र आणलें असतें तरी त्याच पाण्यानें त्याचीही हीच गति केली असती.

तेव्हां पहिला प्रश्न यंत्राचा नसून पाण्याचा आहे. साबणाला फेंस येत नसेल, पाणी तापविण्याच्या पातेल्याच्या तळाशीं पांढरा थर बसत असेल, तर तें पाणी जड समजावें. घरोघर असलेलें आर. ओ. यंत्र क्षार काढतें खरें. परंतु अगदीं क्षारहीन पाणीही बरें नव्हे. त्याची कॉफी फिकी लागते. शिवाय कांहीं बॉयलरांत पाण्याची पातळी विजेच्या काडीनें ओळखली जाते, तेथें पाणी असूनही यंत्राला तें जाणवत नाहीं. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यांत थोडें नळाचें पाणी मिसळून तें वापरावें, आणि यंत्राच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या द्रव्यानें ठराविक मुदतीनें थर विरघळवावा.

दुसरा प्रश्न असा कीं, आपण यंत्राकडून मागतों तरी काय? टुरिनच्या अँजेलो मोरिओंदो यानें १८८४ सालीं वाफेवर चालणाऱ्या कॉफी-यंत्राचें पेटंट घेतलें, आणि मिलानच्या लुइजी बेझेरा यानें १९०१ सालीं एकेक पेला झटपट काढण्याची युक्ति पुढें आणली. परंतु त्या यंत्रांत दाब वाफेचाच. तो वाढवावा तर पाणीही अधिक तापे आणि कॉफी करपट होई. ही गांठ मिलानच्याच आखिले गाज्जा यानें सोडविली. त्याचें पहिलें पेटंट १९३८ सालचें. युद्धानंतर त्यानें दांडा व स्प्रिंग यांच्या जोरावर पाणी दाबणारें यंत्र बाजारांत आणलें, आणि तेव्हांपासून पेल्यावर तो सोनेरी फेंस दिसूं लागला. १९६१ सालच्या फाएमा ई-६१ या यंत्रांत दाबाचें काम विजेच्या पंपाकडे गेलें. या साऱ्या खटपटीचें सार थोडक्यांत सांगतां येतें : सुमारें ९० ते ९६ अंश तापलेलें पाणी, ९ बार दाब आणि २५ ते ३० सेकंद वेळ. १८ ग्रॅम पूड घातली तर साधारण ३६ ग्रॅम कॉफी उतरावी. पेटीवर छापलेले १५ किंवा २० बार हे आंकडे पंपाची कमाल शक्ति सांगतात; कॉफीला ९ पुरेत. मोठा आंकडा पाहून कोणीं जास्त पैसे मोजूं नयेत.

तिसरा प्रश्न पेल्यांचा. येथें आमचा अनुभव असा कीं, दिवसाचे पेले मोजूं नयेत, गर्दीच्या अर्ध्या तासाचे मोजावेत. एकाच बॉयलरच्या यंत्रांत कॉफी काढून झाल्यावर दुधासाठीं वाफ हवी असेल, तर बॉयलर १२० अंशांहून अधिक तापेपर्यंत थांबावें लागतें, आणि पुन्हां कॉफी काढावयाची तर तो निवावा लागतो. दोघां-तिघांच्या घरीं हें चालतें. सकाळीं आठ वाजतां सहा जण ओट्याशीं उभे असतां चालत नाहीं. दुसऱ्या जातीच्या यंत्रांत वाफेच्या बॉयलरमधून कॉफीच्या पाण्याची वेगळी नळी जाते, तिसरींत दोन स्वतंत्र बॉयलर असतात. या दोहोंत कॉफी व वाफ एकदम मिळतात. परंतु किंमत चढते, जागा अधिक लागते, आणि जड पितळी तोंडाचें यंत्र नीट तापण्यास अर्धा तास सहज घेतें. पांच वाजतां उठणाऱ्या अण्णांनीं साडेचारला यंत्र लावावें काय?

हा पेंच वहिनींनीं सोडविला. त्या म्हणाल्या, "दूध तापवायला यंत्र कशाला? गॅसवर पातेलें आहे, घरांत रवी आहे." खरोखरच दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत, म्हणजे उकळी येण्याच्या बरेंच आधीं उतरवून रवीनें घुसळलें कीं चांगला फेंस येतो. वाफेच्या दुधाची रेशमी साय त्याला येत नाहीं हें आम्ही कबूल करतों. परंतु सहा पेल्यांचें दूध एकदम होतें, आणि दुसऱ्या बॉयलरचे पैसे वांचतात.

ते वांचलेले पैसे कोठें घालावे याविषयीं मात्र आम्हांस शंका नाहीं. ते चक्कींत घालावे. मिक्सरच्या पात्यानें दाणा दळला जात नाहीं, फुटतो. कांहीं भरड, कांहीं पीठ. अशा पुडींतून दाबाचें पाणी सोपी वाट शोधून निघून जातें आणि कॉफी एकाच वेळीं आंबट व कडू लागते. दोन दातेरी तबकड्यांमध्यें दाणा दळणारी चक्की हवी, आणि जाडीचा बारीक फरक करतां आला पाहिजे. फिल्टर-कॉफीची चिकोरी-मिश्रित पूड या यंत्रांत घालूं नये. ती दाबाखालीं चिकटून बसते. कर्नाटकांतील मळ्यांचा ताजा भाजलेला दाणा आतां सहज मिळतो. पुड्यावर भाजल्याची तारीख पाहून घ्यावा. इटली हा भारतीय कॉफीचा फार मोठा गिऱ्हाईक आहे. आपल्याच डोंगरांवरचा दाणा तेथील पेल्यांत पडतो, तो आपल्या घरीं शिळा कां प्यावा?

भाच्याच्या प्रेमळ देणगीस आम्हीं नम्रपणें नकार दिला. अमेरिकेंतील वीज १२० व्होल्टची व ६० सायकलींची, आपली २३० व्होल्टची व ५० सायकलींची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकली बदलत नाहीं. आणि घरगुती यंत्रांतील कंप पावणाऱ्या पंपाची चाल सायकलींवरच अवलंबून असते. येथें घेतलेलें यंत्रही १२०० ते १५०० वॉटचें असल्यास तें लहान सॉकेटवर लावूं नये. १६ अँपिअरचें सॉकेट ओट्याजवळ नसेल तर तो खर्च आधींच धरावा.

शेवटीं आम्ही दुकानांत गेलों तें अण्णांना घेऊन. पूड ठोकून भरलेली मुठीची गाळणी यंत्राच्या तोंडांत फिरवून घट्ट बसवावी लागते. जुन्या यंत्रांतील रबरी कडें कडक झालें होतें, आणि शेवटचें वर्षभर अण्णांना ती मूठ फिरवितांना मनगटांत कळ येत असे. हें त्यांनीं कोणास सांगितलें नव्हतें. दुकानांत चौथें यंत्र हाताळतांना तें सहज बोलून गेले. ज्यांच्यासाठीं घरांत कॉफीचा पहिला पेला होतो, त्यांच्या हाताचा विचार आम्हीं सर्वांत शेवटीं केला, याची आम्हांस लाज वाटली. त्यानंतर निवड सोपी झाली. अण्णांनीं प्रत्येक मूठ स्वतः फिरवून पाहिली. दुकानदारास आम्ही दोनच गोष्टी विचारल्या : रबरी कडें, पंप व बॉयलर हे भाग आपल्या गांवांत मिळतात काय, आणि गाळणी ५८ मिलिमीटरच्या रूढ मापाची आहे काय, म्हणजे पुढें दुसऱ्या कोणाचीही बसेल.

घेतलें तें साधें, एका बॉयलरचें, दहा-पंधरा मिनिटांत तापणारें यंत्र. त्याच्या शेजारीं चांगली चक्की. रबरी कडें दरवर्षीं बदलावयाचें ठरलें आहे. क्षार काढल्याची तारीख कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस लिहिण्याचें काम धाकट्या पुतण्यानें आपणहून घेतलें. सर्वांत महाग यंत्र त्यालाच हवें होतें. पहांटे पांचला स्वयंपाकघरांतून पंपाची घरघर ऐकूं येते, आणि आम्ही अंथरुणांतूनच ओळखतों कीं अण्णांना मूठ फिरवितां आली.