उष्ण हवेचा ताळेबंद

अग्नि पेटविणें आणि उष्णता पोंचविणें या दोन भिन्न विद्या आहेत. पहिली मनुष्यास फार प्राचीन काळीं साध्य झाली. दुसरी अद्यापि पुष्कळांस नीट साधत नाहीं. चुलीपुढें बसणारा भाजून निघतो आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यांत निजलेला कुडकुडतो, हा अनुभव कोणास नाहीं? आमच्या शेतकरी बंधूंपैकीं ज्यांनीं हळद, फळें, भाजीपाला अथवा बियाणें वाळविण्याचीं गरम हवेचीं यंत्रें घेतलीं आहेत, किंवा घेण्याचें मनांत आणिलें आहे, त्यांस या दुसऱ्या विद्येची तोंडओळख असणें अगत्याचें आहे. ती कशी शिकावी याचा उत्तम धडा इंग्लंडांतील एका साध्या कारागिराच्या धंद्यांत सांपडतो. म्हणून प्रथम तिकडे जाऊं व मग आपल्या खळ्यावर परत येऊं.

त्या थंड देशांत घर उबदार ठेवण्याची व्यवस्था करणाऱ्या कारागिरास हीटिंग इंजिनियर म्हणतात. नांव मोठें असलें तरी तो बहुधा हातानें काम करणारा फिटरच असतो. तेथील बहुतेक घरांत बॉयलरमध्यें पाणी तापवून तें पंपानें नळांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत खेळवितात, व हाच प्रकार तो उमेदवारींत शिकतो. परंतु १९६१ सालीं पार्कर मॉरिस समितीनें आपल्या अहवालांत अशी शिफारस केली कीं, नव्या घरांत बसण्याच्या खोल्या १८ अंश सेल्सिअसपर्यंत व स्वयंपाकघर आणि येण्याजाण्याची जागा १३ अंशांपर्यंत तापवितां यावी. त्यानंतरच्या दहापंधरा वर्षांत बांधलेल्या पुष्कळ घरांत पाण्याऐवजीं हवा तापविण्याची योजना झाली. घराच्या मध्यावर एका कपाटांत गॅसची भट्टी, तिच्या जोडीस पंखा, तेथून निघालेले पत्र्याचे चौकोनी डक्ट, आणि प्रत्येक खोलींत जमिनीजवळ एक जाळी, असें तिचें स्वरूप असे. पुढें पाण्याची पद्धतच वरचढ ठरली व अनेक घरांतून हीं यंत्रें काढून टाकण्यांत आलीं. तथापि कांहीं घरांत तीं अजून चालू आहेत. त्यामुळें ज्यानें पंधरा वर्षें नुसत्या पाण्याचेंच काम केलें आहे अशा कारागिरासही केव्हां तरी या यंत्रापुढें उभें राहण्याचा प्रसंग येतो. कायद्यानें गॅसचें काम नोंदणीकृत माणसानेंच करावयाचें असतें. ही नोंदणी १ एप्रिल २००९ पासून गॅस सेफ रजिस्टर या नांवानें चालते, आणि उष्ण हवेच्या यंत्राकरितां वेगळी परीक्षा द्यावी लागते. एका प्रकारचें ज्ञान दुसऱ्या प्रकारास पुरेसें धरीत नाहींत, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

तें पुरेसें कां नाहीं? याचें मूळ कारण पाणी व हवा यांच्या स्वभावांत आहे. एक लिटर पाणी एका अंशानें तापविलें असतां त्यांत जेवढी उष्णता सांठते, तेवढी वाहून नेण्यास सुमारें साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून पाण्यास बोटाएवढा नळ पुरतो, तर हवेस पेटीएवढा डक्ट लागतो. पाणी सावकाश तापतें व सावकाश निवतें. हवा कांहीं मिनिटांत तापते व तितक्याच लवकर थंड होते. पाण्याचा नळ गळूं लागला तर खालीं डबकें दिसतें. हवेचा डक्ट जमिनीखालीं उसवला तर कोठेंही खूण उमटत नाहीं, फक्त एक खोली वर्षानुवर्षें थंड राहते व घरधनी भट्टीस दोष देत बसतो. डोळ्यांना न दिसणारी वस्तु मोजण्यास शिकणें हा या विद्येचा पहिला पाठ होय.

दुसरा पाठ जुन्या संवयी सोडण्याचा आहे. पाण्याच्या व्यवस्थेंत ज्या खोलींत कोणी राहत नाहीं तेथील रेडिएटर बंद केला कीं इंधन वांचतें. तीच युक्ति उष्ण हवेस लाविली आणि दोनचार जाळ्या बंद केल्या, तर पंख्यास हवा ढकलण्यास वाट राहत नाहीं. भट्टीवरून जाणारी हवा कमी होते, भट्टीचा पत्रा अधिक तापतो, आणि संरक्षक थर्मोस्टॅट गॅस तोडून टाकतो. यंत्र पुनःपुन्हां बंद पडतें. अजाण माणूस थर्मोस्टॅट बिघडला असें समजून तो बदलतो. जाणता माणूस प्रथम जाळ्या उघडतो, गाळणी काढून पाहतो व पंख्याचीं पातीं धुळीनें भरलीं आहेत कीं काय तें तपासतो. त्याचें मुख्य माप एकच असतें: भट्टींत शिरणारी हवा किती अंशांची व बाहेर पडणारी किती अंशांची? हा फरक साधारण ५० अंश असला, तर १० किलोवॅट उष्णतेस ताशीं सुमारें ६०० घनमीटर हवा मिळत आहे असें गणितानें निघतें. फरक त्याहून फार वाढला तर आग जास्त झाली असें नव्हे. बहुधा हवा कमी पडली आहे.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां एक नियम रोज पाळला: जमेस जें आलें त्याचा खर्चांत मेळ बसलाच पाहिजे, न बसल्यास चूक वहींत आहे, पैशांत नाहीं. हवेचा हिशेबही असाच आहे. खोलींत जितकी हवा ढकलली तितकी तेथून परत भट्टीकडे आलीच पाहिजे. दार घट्ट लाविलें, खालीं जाड गालिचा आंथरला, आणि परतीची जाळी ठेविली नाहीं, तर खोली हवेनें भरते व नवी हवा आंत घेत नाहीं. पुढची जाळी चांगली, पंखा चांगला, भट्टी चांगली. तरी खोली थंडच. परतीच्या वाटेकडे पाहण्याची बुद्धि होणें हा तिसरा पाठ होय.

हा पाठ केवळ सोयीचा नाहीं, त्यावर प्राण अवलंबून आहेत. भट्टीच्या कपाटांतच परतीचा डक्ट मोकळा सोडला, किंवा त्याचा सांधा तेथें उघडा राहिला, तर पंखा ज्या जोरानें हवा ओढतो त्याच जोरानें धुराड्यांतून वर जाणारा धूरही खालीं ओढूं शकतो, आणि तोच धूर डक्टांतून निजण्याच्या खोल्यांत पोंचवितो. भट्टीच्या पत्र्यास चीर पडल्यासही धूर व हवा एकमेकांत मिसळण्याचा धोका असतो. या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असूं शकतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून नेला जातो त्यास तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक बळानें चिकटतो. डोकें दुखतें, मळमळतें, झोंप येते आणि माणूस त्या झोंपेंतून उठत नाहीं. म्हणून तो कारागीर काम संपल्यावर दारें-खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून, धुराड्याच्या तोंडाशीं धूर सोडणारी कांडी धरतो. धूर वर ओढला गेला तर ठीक. बाहेर पसरला तर यंत्र चालू ठेवण्याची परवानगी तो देत नाहीं. जुन्या यंत्रांच्या व धुराड्यांच्या भागांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचाही संभव असतो. ब्रिटनमध्यें त्याच्या वापरावर १९९९ सालीं पूर्ण बंदी आली, पण त्यापूर्वीं बसविलेलें तें जागच्या जागीं राहिलें. म्हणून संशय येतांच हात न लावतां तज्ज्ञास दाखविणें हेंही त्यास शिकावें लागतें.

आतां आपल्या खळ्याकडे वळूं. आपणांकडे घर तापविण्याची गरज क्वचितच. परंतु ड्रायर म्हणून जें यंत्र विकलें जातें, तें याच भट्टीचें भावंड आहे. भट्टी, ब्लोअर, डक्ट, आणि खोल्यांच्या जागीं मालाचे ट्रे. भेद एवढाच कीं, घरांत हवा ऊब देऊन परत येते; ड्रायरमध्यें ती पाणी घेऊन बाहेर जावयास हवी. मालांतून पाणी काढण्याचें काम प्रत्यक्षांत हवाच करते. आग फक्त हवेची तहान वाढविते. पावसाळी दिवशीं ३० अंशांची व ८० टक्के आर्द्रतेची हवा ४५ अंशांपर्यंत तापविली, तर तिची आर्द्रता सुमारें ३५ टक्क्यांवर येते, म्हणजे तीच हवा आतां पुष्कळ पाणी पिऊं शकते. परंतु प्यालेली हवा बाहेर काढली नाहीं, तर ती आंतल्या आंत फिरून माल शिजविते, वाळवीत नाहीं.

किती हवा लागते याचा अंदाज करून पाहूं. सुमारें चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे एक क्विंटल बेदाण्यामागें तीनशें किलो पाणी उडवावें लागतें. हवा ३० अंशांपासून ५० अंशांपर्यंत तापविली, तर एक किलो पाणी उडविण्यास उत्तम स्थितींतही शंभर घनमीटरांहून अधिक हवा लागते. म्हणजे एका क्विंटलास तीस हजार घनमीटरांहून अधिक. वर सांगितलेल्या इंग्लिश घराचा पंखा ताशीं ६०० घनमीटर हवा देतो. तो येथें आणून बसविला, तर पन्नास तास अखंड चालूनही काम पुरें होणार नाहीं, कारण हवा कधींच पोटभर पाणी पिऊन बाहेर पडत नाहीं. सांगली जिल्ह्यांत बेदाणा सावलीच्या शेडमध्यें जाळ्यांवर वाळवितात. तेथें हें अवाढव्य काम वारा फुकट करितो. अवकाळी पावसांत तो वारा ओला होतो तेव्हां शेतकरी यंत्राकडे धांव घेतो, आणि विक्रेता त्यास भट्टी किती मोठी तें सांगतो. ब्लोअर ताशीं किती हवा देतो व तीही ट्रे भरलेले असतांना किती देतो, हें त्यानें सांगितल्याविना सौदा करूं नये.

आग वाढवून हवेची तूट भरून निघत नाहीं. उलट मालाची वरची साल कडक होते, आंतलें पाणी कोंडलें जातें, आणि वरून सुकलेला माल पोत्यांत बुरसतो. हळदीस गरम हवा ६० अंशांच्या वर देऊं नये. बियाण्याकरितां ठेवलेलें धान्य ४० अंशांच्या आसपासच ठेवावें. त्याहून फार वर गेल्यास दाणा दिसण्यांत उत्तम राहतो, पण उगवत नाहीं, आणि हें नुकसान पेरणीनंतरच कळतें. तापमान भट्टीजवळच न मोजतां मालापाशींही मोजावें. ट्रे दाबून भरूं नयेत; खालचा माल वाळून वरचा ओला राहत असेल तर थर पातळ करावा अथवा ट्रे आलटून पालटून लावावे.

धुराविषयीं तर विशेष सावधगिरी हवी. जळणाचा धूर थेट मालावरून नेणारें यंत्र स्वस्त पडतें. परंतु लांकूड किंवा रॉकेल जाळून तसें केल्यास मालास धुराचा वास लागतो व खाणाऱ्याच्या प्रकृतीस अपाय होतो. धूर धुराड्यांतून व हवा डक्टांतून, दोहोंमध्यें अखंड पत्रा, हीच योग्य रचना. हंगामापूर्वीं तो पत्रा आंतून उजेड धरून तपासावा. यंत्र चालू असतांना धुराड्याच्या सांध्यांजवळ उदबत्ती धरून पाहिली, तर हवा कोणीकडे ओढली जाते तें कळतें. तथापि उदबत्ती विषारी वायु ओळखीत नाहीं, त्याकरितां कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारें लहान यंत्र बसवावें. कोंबड्यांच्या पिल्लांस पहिल्या आठवड्यांत ३२ ते ३५ अंश ऊब लागते, म्हणून थंडीच्या रात्रीं शेड पडद्यांनीं बंद करून आंत कोळशाची शेगडी ठेवितात आणि राखणदारही तेथेंच निजतो. ही प्रथा सर्वस्वीं सोडावी. पिल्लांचा तोटा भरून येतो. माणसाचा येत नाहीं.

शेवटीं कारागिराविषयीं दोन शब्द. आय.टी.आय. मधून पत्राकामाचा अथवा वातानुकूलनाचा धंदा शिकलेले तरुण आतां खेड्यापाड्यांतूनही आढळतात. पत्रा कापणें, ब्लोअर बसविणें त्यांस येतें. त्यांस हवा मोजण्याचें साधन व दोन चांगले तापमापक घेऊन द्यावे, म्हणजे एका तालुक्याचे ड्रायर ते संभाळूं शकतील. मंडळाच्या शाखांनीं हंगामापूर्वीं अशा एका तरुणाकडून सभासदांच्या यंत्रांची पाहणी करवून, प्रत्येकाची हवा, तापमान व धुराडें यांची नोंद लिहून ठेवावी, अशी आमची सूचना आहे. खर्च थोडा आहे. इंग्लंडांतील तो पंधरा वर्षांचा मुरलेला कारागीरही नव्या यंत्रापुढें पुन्हां विद्यार्थी होतो, परीक्षा देतो आणि मगच हात लावतो. ड्रायर बसविण्यास आलेल्या मिस्त्रीस आपण एवढेंच विचारावें: हवा येते कोठून, जाते कोठें, आणि धूर वेगळा राहतो कीं नाहीं? या तीन प्रश्नांचीं उत्तरें जो मोजून देईल, त्याच्याच हातीं आपला माल व आपलीं माणसें सोंपवावीं.